पडवीतला कारखाना

आपल्याकडे हस्तव्यवसायांचा इतिहास बहुधा आश्रयदात्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि त्यामुळे ज्या घरात, ज्या जोत्यावर, ज्या माणसांच्या हातून तो व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालला, ती घरे आणि ती माणसे इतिहासाच्या परिघाबाहेर राहतात. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांविषयी आणि लाखकामाविषयी जे लेखन होते त्यात खेमसावंतांचे नाव येते, राजवाड्याचे वर्णन येते, मोती तलावाची शोभा येते. परंतु ज्या चितारआळीत हे काम प्रत्यक्ष झाले, तेथल्या पडव्यांचे वर्णन क्वचितच आढळते. राजाश्रयाचे ऋण नाकारण्याचा माझा हेतू नाही. तथापि राजाश्रय हा मधूनमधून येणारा आणि पुन्हा ओसरणारा पदार्थ आहे, घर मात्र बारमाही असते. आणि सावंतवाडीच्या या व्यवसायाचे दीर्घायुष्य समजून घ्यावयाचे असेल, तर दरबारापेक्षा पडवीचा हिशेब अगोदर मांडला पाहिजे, असे माझे मत आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी, आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराकडे जाताना लागणारे हे गाव एकेकाळी सुंदरवाडी या नावाने ओळखले जाई. उत्तरेस मालवणचा मुलूख, दक्षिणेस गोवा, पूर्वेस घाटमाथा आणि पश्चिमेस समुद्र अशा चतुःसीमेत वसलेल्या या लहानशा संस्थानाला लाकडाची ददात कधी नव्हती. घाटातून साग, ऐन, किंजळ, शिसव उतरत. परसात फणस आणि आंबा असे. आणि बागांच्या कुंपणाला, तसेच पानवेलींच्या व मिरवेलींच्या आधाराला लावलेला पांगारा तर कोणी लाकूड म्हणून गणतीतही धरीत नसे. या शेवटच्या, सर्वांत क्षुल्लक मानलेल्या वृक्षानेच पुढे सावंतवाडीला नावलौकिक मिळवून द्यावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते, आणि तिचा विस्तार मी पुढे करणारच आहे.

कारखाना या शब्दाने आज आपल्या डोळ्यांपुढे धुराडे उभे राहते. परंतु मराठेशाहीच्या दफ्तरात कारखाना म्हणजे सरकारी खात्याची कोठी, जेथे सामान साठे, कारागीर तैनातीस असत आणि कारकून त्यांची जमाखर्चाची वही राखीत. शिवकालापासून अठरा कारखाने आणि बारा महाल ही जी व्यवस्था सांगतात, तीत कारागिराचे स्थान ठरलेले होते. गावगाड्यातही ते ठरलेले होते: मोल्सवर्थने आपल्या कोशात बलुतेदारांच्या ज्या तीन ओळी नोंदविल्या आहेत, त्यांत सुतार हा लोहाराबरोबर थोरल्या ओळीत बसतो. कुणब्याचा नांगर, पाभर, गाडीचे चाक ही सुताराची जबाबदारी, आणि सुगीच्या वेळी खळ्यावरचे धान्य हा त्याचा हक्क. लाकडावर रंग चढविणाऱ्या चिताऱ्याला मात्र त्या बारांच्या यादीत जागा नाही. नांगरावाचून शेत पडीक राहते. रंगावाचून पाट रिकामा राहत नाही. गावाने ज्याचे वर्षाचे पोट बांधून घेतलेले नाही अशा कारागिराला दोनच वाटा उरतात: एक तर देवस्थानाचे किंवा दरबाराचे काम मिळविणे, नाही तर घरी बसून वस्तू तयार करणे आणि तिला गिऱ्हाईक शोधणे. चिताऱ्याने या दोन्ही वाटा एकाच वेळी धरल्या, आणि त्याचे घर हेच त्याचे दुकान, त्याची शाळा आणि त्याचा कारखाना झाले.

ही कला सावंतवाडीत कोठून आली याविषयी जी परंपरागत हकीकत सांगतात ती अशी, की तिसऱ्या खेमसावंतांच्या अमदानीत, म्हणजे इ. स. १७५५ ते १८०३ या दीर्घ कारकीर्दीत किंवा तिच्या काही काळ अगोदर, धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी तेलंगणातील विद्वान दरबारात येत, त्यांच्यापाशी गंजिफा, म्हणजे खेळावयाचे वाटोळे पत्ते होते, आणि त्या पाहून येथील चिताऱ्यांनी तसल्याच गंजिफा करण्याची विद्या हस्तगत केली. या हकीकतीत तथ्यांश असावा. परंतु केवळ गंजिफा पाहून रंगविद्या येत नाही. चितारी मंडळींचे नातेसंबंध गोवा आणि कारवार या प्रांतांत पसरलेले होते, आणि गोव्यात कुंकळ्ळीसारख्या गावी कातीव लाकडावर लाखेचे रंग चढवून पाट, पाळणे, लाटणी करण्याचा धंदा चितारी घराण्यांतच चालत आलेला आहे. तेव्हा सुंदरवाडीच्या दरबाराला जो हात लाभला तो आधीच तयार हात होता. दरबाराने त्याला एक नवे काम दिले, एवढेच म्हणणे न्याय्य होईल.

ते नवे काम मोठ्या तोलामोलाचे होते यात मात्र संदेह नाही. गंजिफा हा खेळ इराणी वळणाचा. बाबराने १५२७ साली आपल्या एका स्नेह्याला सिंधकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलाने अकबराच्या बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफेचे सविस्तर वर्णन ऐन-ई-अकबरीत केले आहे. मोगली गंजिफेत पुढे आठ रंग आणि ९६ पाने रूढ झाली. दक्षिणेत आल्यावर या खेळाने आपले वेषांतर केले. पातशाही, खजिना आणि गुलाम यांची चिन्हे गेली व त्यांच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की असे दशावतार आले. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, मिळून १२० वाटोळी पाने झाली. वजिराचा प्रधान झाला आणि खेळता खेळता नामस्मरण घडू लागले. पान करण्याची कृती अशी, की जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवावयाचे, त्यांवर पांढरीचा लेप द्यावयाचा, तो वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घासून तकतकीत करावयाचा, मग चित्र काढून वरून लाखेचा हात फिरवावयाचा. आता हा १२० पानांचा संच ठेवावयास पेटी हवी. पेटी लाकडाची, सरकत्या झाकणाची, आणि तिच्या चारही बाजूंना वेलबुट्टी व देवादिकांची चित्रे. म्हणजे चित्रकार आणि सुतार हे दोघे या पेटीपाशी एकत्र आले. पेटी रंगविणारा हात पाटाकडे, चौरंगाकडे, देव्हाऱ्याकडे वळावयास फारसा वेळ लागला नसावा.

या एकत्र येण्याचे स्थळ म्हणजे पडवी. कोकणातले घर पुढून पाहिले तर अंगणातले खळे, मग जोत्यावर चढून पडवी, मग ओटी, आणि त्यानंतर माजघर अशी त्याची मांडणी असते. पडवीला बाहेरचा उजेड असतो, परंतु उतरत्या छपरामुळे ऊन आत शिरत नाही. वारा असतो, परंतु झावळ्यांचे झाप बांधले की पावसाची झड थोपविता येते. आणि येणारा-जाणारा तेथपर्यंत निःसंकोच येऊ शकतो. रंगकामाला जो स्थिर प्रकाश लागतो, लाकूड वाळविण्यास जी सावली लागते आणि माल दाखविण्यास जी मोकळीक लागते, ती तिन्ही या एका जागेत होती. शिवाय ती घराच्या पोटाशी होती. थोरला भाऊ वाकसाने ठोकळा तासतो आहे, धाकटा कानस घेऊन त्याला आकार देतो आहे, बायका स्वयंपाकातून उसंत मिळताच घासकाम आणि पहिला हात आटोपीत आहेत, आणि घरातला वडीलधारा पुरुष, ज्याची नजर आता मंद झाली असली तरी हाताचे वळण शाबूत आहे, तो शेवटच्या रेघा ओढतो आहे, अशी कामाची वाटणी या घरांतून असे. कोणी कोणाला शिकवीत नसे, आणि तरीही सर्व जण शिकत. सहा-सात वर्षांच्या पोराला प्रथम रंग घोटावयास बसवावे, मग एकरंगी भाग भरावयास द्यावा, मग पाने-फुले, आणि डोळे काढण्याचा अधिकार त्याला अगदी शेवटी मिळावा, हा क्रम कोठल्याही पोथीत लिहिलेला नाही; परंतु मूर्तिकाराच्या काय किंवा चिताऱ्याच्या काय, घरात तो मोडलेला मी पाहिला नाही.

वर्षाचेही चक्र ठरलेले होते. पावसाळ्यात हवा दमट, लाखेवर धुरकटपणा येतो, रंग लवकर सुकत नाही. म्हणून आषाढ-श्रावणात याच पडव्यांतून मातीचे गणपती होत. दिवाळी उलटून कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे खेळण्यांची मागणी येई. माघापासून वैशाखापर्यंत लग्नसराईचे पाट, चौरंग, रुखवताची तबके. देवळांचे काम निराळे: पालखीचे दांडे, तरंगांची रंगरंगोटी, आणि दशावतारी मंडळींसाठी गणपतीचा लाकडी मुखवटा, ज्याच्यावाचून कोकणातल्या रात्रीच्या नाटकाला आरंभच होत नाही. एकाच घरात माती, लाकूड, कापड आणि कागद या चारही माध्यमांवर काम चालल्यामुळे चिताऱ्याच्या रंगरेषेला एक प्रकारची निर्भयता आली. गणपतीच्या सोंडेवरचे वळण बाहुलीच्या बुगडीत उतरते आणि गंजिफेतल्या मत्स्याचे खवले फळाच्या सालीवर दिसतात.

आता पांगाऱ्याकडे वळतो. माघ-फाल्गुनात पाने गाळून तांबड्या फुलांनी पेटलेला हा वृक्ष कोकणात सर्वांच्या परिचयाचा आहे. फांदी रोवली की जगते, चार-पाच वर्षांत हाताच्या कवेत मावणार नाही असे खोड होते. परंतु त्याचे लाकूड इतके हलके आणि भुसभुशीत की इमारतीला ते निरुपयोगी, आणि जळणाला घेतले तरी धग धरीत नाही. किडीला तर ते अतिशय प्रिय आहे. ज्या गुणांमुळे सुताराने ते बाजूला टाकले, त्याच गुणांमुळे चिताऱ्याने ते उचलले. सागाची रेषा वाहती, करवतीला तो दिशा दाखवितो, पण आडव्या बाजूने नाजूक वळण काढू लागल्यास ढलपा निघतो. पांगाऱ्याला असा हट्ट नाही, तो कोणत्याही बाजूने कोरून घेतो. ज्या मुलाच्या हाती खेळणे द्यावयाचे ते मूल ते आपटणार, तोंडात घालणार, पायावर पाडणार. तेव्हा वस्तू हलकी असणे हा गुणच होय. आणि हलकेपणाचा एक परिणाम असा झाला की पांगाऱ्याचे फळ भरीव करता आले. केळी, आंबे, सीताफळे, काजूची बोंडे, वांगी, मिरच्या, कारली यांचे जे पूर्णाकृती नमुने सावंतवाडीत होऊ लागले त्यांचे कौतुक सर्वत्र झाले. परंतु ते शिसवात केले असते तर टोपली उचलताना हात दुखला असता.

किडीवर उपाय मात्र करावा लागे. लाकूड तोडल्यावर साल काढून, चिरून, सावलीत उभे करून त्यातला रस पूर्ण आटू द्यावयाचा. आकार दिल्यावर छिद्रे आणि भेगा लांबीने भरून घ्यावयाच्या. घासून पांढऱ्याचा हात द्यावयाचा. आणि मग सर्व बाजूंनी, तळाची बाजू न वगळता, रंग आणि रोगण चढवावयाचे. तळ कोरा ठेवलेले फळ दोन पावसाळे काढीत नाही. सौंदर्य आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी आपण वेगळ्या कल्पितो. येथे रंग हा लाकडाचा वेष नव्हता, त्याचे चिलखत होते.

कातीव कामाची रीत वेगळी. दोन खुंट्यांमध्ये लाकूड बसवून त्याला दोरीचा वेढा द्यावयाचा. एकाने दोरी आलटून पालटून ओढावयाची आणि दुसऱ्याने हत्यार धरावयाचे. लाकूड कधी पुढे तर कधी मागे फिरते, आणि हत्यार केवळ पुढच्या फेऱ्यातच लावता येते. म्हणून दोघांच्या श्वासाचा मेळ बसल्यावाचून पाळण्याचा एकही खुंट सरळ निघत नाही. आकार झाल्यावर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पातळ थराने पसरते. मग केवड्याचे पान दाबून धरले म्हणजे त्या थराला जी झळाळी येते ती अन्य कशाने येत नाही. लाख हे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरच्या किड्यांचे उत्पन्न. तिच्यात तांबड्यासाठी हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ, निळ्यासाठी नीळ, काळ्यासाठी काजळ, आणि नीळ-हरताळाच्या मिश्रणाने हिरवा, इतक्या थोड्या सामग्रीवर सारा खेळ चाले. हरताळ विषारी आहे, आणि ती मुलांच्या वस्तूंवरून पुढे नाहीशी झाली हे बरेच झाले. परंतु केवड्याच्या पानाने दिलेली झळाळी गेली याचे मला मनापासून दुःख होते.

फळांचा हा छंद सावंतवाडीलाच का लागावा याविषयी माझा एक तर्क आहे. दक्षिण कोकणात गणपतीच्या मूर्तीवर लाकडी चौकट टांगून तिला त्या ऋतूतली फळे, शेंगा, रानवेली आणि कवंडाळे बांधतात; वाडीकडे तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. जो चितारी श्रावणभर मूर्ती करीत होता, त्याने ती मूर्ती ज्या फळांखाली बसणार त्यांचे निरीक्षण केलेच असणार. तसेच रुखवतात जिन्नस मांडण्याची आपली जुनी चाल आहे. खरी फळे कोमेजतात, लाकडाची मुलीच्या संसारात वर्षानुवर्षे टिकतात. त्याच संसाराच्या लहान प्रतिकृती, म्हणजे जाते, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणे, चूल आणि पाण्याचा हंडा, भातुकलीसाठी होत. मला तर ही भातुकली गंजिफांहून अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात एका काळच्या कोकणी स्वयंपाकघराचा आकारमानासह वृत्तांत उतरला आहे.

दरबाराचा आधार फार काळ अखंड राहिला नाही. १८३८ साली संस्थानाचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला आणि पोलिटिकल सुपरिंटेंडेंटाच्या शिक्क्याखाली जमाखर्च चालू लागला, तेव्हा गंजिफांसाठी किंवा पेट्यांसाठी खाजगीतून खर्च होण्याचे प्रमाण घटले असले पाहिजे. तरी धंदा मेला नाही. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडात सावंतवाडीच्या वाटोळ्या गंजिफा, शिंगांच्या वस्तू आणि जरीच्या कामाने मढविलेले वाळ्याचे पंखे यांची नोंद आहे. म्हणजे कारभार परक्यांच्या हाती जाऊन चार दशके उलटल्यावरही येथली कारागिरी दखलपात्र होती. वेंगुर्ल्याला आगबोट लागे, तेथून मुंबईस माल जाई, आणि मुंबईच्या गिरण्यांत गेलेला चाकरमानी गणपतीला घरी आला की परतताना पोरांसाठी वाडीची बाहुली घेऊन जाई. हा चाकरमानी कोठल्याही सनदेत आश्रयदाता म्हणून नोंदलेला नाही.

खरा घाव आला तो दुसऱ्या दिशेने. छापील बावन्न पानी पत्ते स्वस्त झाले आणि १२० पानांची गंजिफा, जी खेळावयास दुपार पुरत नाही आणि घडविण्यास महिने लागतात, ती वृद्धांच्या पेट्यांत जाऊन बसली. विलायती पत्र्याची खेळणी आली, त्यांच्यामागून प्लास्टिकची. म्हैसूरकडे चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या लाकडावरचे लाखकाम आणि आंध्रात कोंडपल्लीची पोणिकीच्या लाकडातली चित्रे यांनाही हेच दिवस आले; परंतु चन्नपट्टणला म्हैसूर सरकारच्या शिक्षणसंस्थेचे पाठबळ मिळाले, सावंतवाडीला बराच काळ पडवीवाचून दुसरे काही नव्हते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि वाडी हे रत्नागिरी जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव झाले. गंजिफा करणारे हात त्यानंतर बोटांवर मोजण्याइतके उरले.

यानंतरची घटना मला या साऱ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटते. १९७० च्या दशकाच्या आरंभी सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही विद्या लोपू नये म्हणून राजवाड्यातच काम सुरू केले. आणि ते सुरू करण्यासाठी त्यांना चितारी घराण्यातल्या एका वृद्ध कारागिरापाशी शिकावे लागले. दोन शतकांपूर्वी दरबाराने चिताऱ्याला काम सांगितले होते. आता दरबार चिताऱ्याचा विद्यार्थी झाला. राजवाड्याच्या दिवाणखान्यात तरुण मुले-मुली ओळीने बसून गंजिफा रंगवू लागली आणि ती पाने देशोदेशींच्या संग्राहकांकडे गेली. त्या दांपत्याने एक मरू घातलेली कला जगविली, याबद्दल महाराष्ट्राने त्यांचे ऋणी असावे.

परंतु गंजिफेचे पुनरुज्जीवन झाले ते शोभेची वस्तू म्हणून. खेळ परत आला नाही, आणि डावाचे नियम जाणणारे लोक आज विरळा आढळतात. लाकडाच्या मोठ्या कामाचे तसे झाले नाही. पाट, चौरंग, देव्हारा, पाळणा, पांगुळगाडा यांना वाचविण्यासाठी कोणाला मोहीम काढावी लागली नाही. लग्ने होतात, मुले जन्मतात, गणपती बसतो, आणि मागणी येत राहते. रंग आता तेलाचे झाले आहेत, दोरीच्या जागी विजेची मोटार आली आहे, आणि पडवीला काचेची कपाटे लावून तिचे दुकान झाले आहे. पांगारा मात्र कमी झाला. कुंपणे चिऱ्यांची आणि तारांची होऊ लागली, पानमळे उठले, आणि पूर्वी बागायतदार जे खोड फुकट नेऊ देत असे, त्यासाठी आता कारागिराला दूरदूरच्या गावी हिंडावे लागते. सावंतवाडीच्या या व्यवसायासाठी सरकारला किंवा संस्थांना खरोखर काही करावयाचे असेल, तर प्रदर्शनांच्या आणि पारितोषिकांच्या अगोदर तालुक्यातल्या ओहोळांच्या काठी आणि गायरानांच्या कडेला पांगाऱ्याच्या फांद्या रोवाव्यात. पाऊस पडल्यावर त्यांना पाणी घालावे लागत नाही, आणि पाचव्या वर्षी त्या तोडणीला येतात.